कलम म्हणजे कटिंग नव्हे

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीतल्या अकरा जणी. आमचा बचत गट आहे. उन्हाळ्यात आम्ही आंबोशी घालतो, रातांबे फोडतो, कुयरी चिरून पाकिटं भरतो. पाऊस लागला की आंब्याची नि काजूची कलमं बांधायला बसतो. म्हणजे वर्षाचे बहुतेक महिने आमच्या हातात विळी, कोयती नाहीतर चाकू असतो. तुमच्याही असतो. म्हणून आज आम्ही कापण्याचिरण्याच्या शब्दांविषयी बोलायचं ठरवलंय. ऐकून काही जणी म्हणतील, ह्यात बोलण्यासारखं काय आहे? दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हटलं असतं. पण एका शब्दापायी आमची दोनशे कलमांची मागणी हातची गेली. तेव्हापासून आम्ही शब्द जपून वापरायला शिकलो. ती गोष्ट आधी सांगतो.

परराज्यातल्या एका बागायतदारांना हापूसची दोनशे कलमं हवी होती. त्यांनी इंग्रजीत दरपत्रक मागितलं. आमच्यातल्या काकूंची सून बी.कॉम. झालेली, तिने ते लिहिलं. ‘आंब्याची कलमं’ ह्याचं तिने केलं ‘मँगो कटिंग्ज’. तिचं तरी काय चुकलं? आमच्या कामाला बँकेपासून बाजारापर्यंत सगळे ‘कटिंग’च म्हणतात. चार दिवसांनी उत्तर आलं. त्यातला मतलब असा, की आंब्याच्या कटिंगला सहसा मूळ धरत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, आणि नुसत्या फांदीला एवढा दर कोण देईल? मागणी रद्द.

आम्ही चक्रावलो. नुसती फांदी? मग कृषी पदवीधर असलेल्या एका ओळखीच्या मुलाने उलगडा केला. रोपवाटिकेच्या इंग्रजीत कटिंग म्हणजे छाट कलम. जास्वंदीची नाहीतर गुलाबाची काडी कापून आपण मातीत खोचतो, ती. आणि दोन झाडं एकमेकांना जोडून जे करतात ते ग्राफ्ट. हापूसचं कलम हे ग्राफ्ट आहे. खाली रायवळ आंब्याच्या कोयीतून उगवलेला खुंट, वर हापूसची काडी. आमच्या कामात कापणं असतं अर्धं, उरलेलं अर्धं असतं जोडणं. ‘कटिंग’ म्हटल्यावर ते जोडणं कागदावरून पुसलं गेलं, आणि कागद वाचणाऱ्याला दिसली नुसती काडी.

दुसरी गोष्ट ह्याच्या उलटी. ती इंग्रजीतून मराठीत येताना घडली. कुणीतरी चांगल्या हेतूने कलमं बांधण्याचं एक इंग्रजी पत्रक मराठीत करून आम्हाला दिलं होतं. आमच्याकडे त्या वर्षी दोन नव्या मुली शिकायला आल्या होत्या. पत्रकात लिहिलं होतं, ‘खुंटाला खाच पाडा.’ पोरींनी वाचलं, आणि तसंच केलं. खुंटाच्या बाजूला तिरका काप घेऊन लाकडाचा बारका तुकडा उडवला, त्या खळग्यात काडी बसवली, वरून पट्टी बांधली. पंधरा दिवसांत त्या वाफ्यातली बहुतेक कलमं काळी पडली.

आमच्या गटात सर्वांत मोठ्या आहेत त्या आजी. चाळीस पावसाळे त्यांनी कलमं बांधण्यात घातलेत. त्यांनी एक मेलेलं कलम सोडून बघितलं, आणि म्हणाल्या, ‘‘अगो पोरींनो, ही खाच कुणी सांगितली? इथे चीर लागते, चीर! खाचेत लाकूड जातं, चिरेत काय जात नाय.’’

आजींचं हे वाक्य आम्ही शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. खाच आणि चीर ह्यांतला फरक ह्याहून सोपा कुणी सांगेलसं वाटत नाही. खाच पाडली की तिथलं काहीतरी निघून जातं, पोकळी उरते. चीर दिली की काही जात नाही. फट उघडते, आणि मिटवली तर मिटते. कलमाला हवी असते ती मिटणारी फट. पोकळी राहिली तर पावसाचं पाणी शिरतं आणि सांधा कुजतो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी कोय कलम कसं बांधतात ते थोडक्यात सांगतो. आंब्याच्या कोयी वाफ्यात रुजत घालतात. रोप दहापंधरा दिवसांचं झालं, पानं अजून तांबूस आहेत, तोवर त्याचा शेंडा कोयीच्या वर चार बोटं ठेवून छाटायचा. उरलेल्या दांड्याला मधोमध, उभी, दीडदोन बोटं खोल चीर द्यायची. हापूसची काडी त्याच जाडीची निवडायची, वीतभराहून थोडी कमी लांबीची. तिची पानं आठदहा दिवस आधीच छाटून ठेवलेली असतात, म्हणजे डोळे फुगतात. काडीचं बूड दोन्ही बाजूंनी सारखं तासून पाचर करायची. ती चिरेत अलगद बसवायची, सालीला साल भिडली पाहिजे. मग प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची. बास. लिहायला दहा ओळी, हाताला यायला दोनतीन हंगाम.

आता मोजा. एका कलमात किती क्रिया झाल्या? शेंडा छाटला. दांड्याला चीर दिली. काडी तोडून आणली. पानं छाटली. बूड तासलं. पाचर बसवली. इतकं सगळं आणि कागदावर शब्द एकच, कटिंग.

तिसरी गोष्ट सांगताना जरा जपून सांगतो, कारण ती अजून संपलेली नाही. आमच्यातल्या दोघी हंगामात बाहेरच्या एका रोपवाटिकेत रोजाने जायच्या. तिथल्या हजेरीवहीत पट्टी गुंडाळणाऱ्या पुरुषांच्या नावापुढे ‘ग्राफ्टर’ असं लिहिलेलं. काडी तासणाऱ्या आणि खुंटाला चीर देणाऱ्या बायकांच्या नावापुढे ‘कटिंग व मदत’. ग्राफ्टरचा रोज वेगळा, मदतीचा वेगळा. कलम जगतं ते पाचर आणि चीर नीट बसल्यामुळे. पट्टी ढिली झाली तर पुन्हा बांधता येते, वाकडी चीर पुन्हा सरळ करता येत नाही. तरी ज्या हातात चाकू तो हात ‘मदती’त गेला. वहीतल्या दोन शब्दांमुळे रोजाचे पैसे कमी. तेव्हा आम्हाला कळलं, की शब्दांचं भाषांतर ही फक्त शाळामास्तरांची गोष्ट नाही. ती आपल्या पोटाशी येऊन भिडते.

मग आम्ही ठरवलं, आपल्या कामाचे शब्द आपणच गोळा करायचे आणि त्यांचं इंग्रजी शोधायचं. दर गुरुवारी दुपारी, भांडी घासून झाली की शेडमध्ये बसायचं. एका जाडजूड वहीत डावीकडे आपला शब्द, उजवीकडे इंग्रजी. वाटलं होतं, पानभर शब्द निघतील. निघाले इतके की वही अर्धी भरली.

पहिल्याच दिवशी भांडण झालं ते भाजीवरून. ‘‘भाजी कापायची,’’ असं एकीने म्हटलं. आजी म्हणाल्या, ‘‘भाजी चिरतात. कापतात तो गळा.’’ हशा झाला, पण खरंच आहे. भाजी चिरतात, सुपारी अडकित्त्याने कातरतात, नारळ खवणतात, शहाळं तासतात, तुळस खुडतात, काकडी सोलतात, रातांबे फोडतात, भात कापतात, कवळ तोडतात, झाड छाटतात, खोबरं किसतात. प्रत्येक ठिकाणी धार लागतेच असं नाही. तुळस खुडायला नख पुरतं. रातांबा नरम असला तर हातानेही फुटतो.

मग कापून जे तयार होतं त्याची नावं घेतली. सुरणाचे आणि नीरफणसाचे काप. आंब्याच्या फोडी. लिंबाच्या फाका. बटाट्याच्या चकत्या. सुरमईच्या तुकड्या. खोबऱ्याची कातळी. आम्ही एकमेकींना विचारलं, काप आणि फोड ह्यांत फरक काय? उत्तर आलं वहिनींकडून. ‘‘काप सपाट असतो, तव्यावर बसतो. फोड बसत नाही, ती लोळते.’’ काप म्हणजे स्लाइस. फोडीला इंग्रजीत पीस म्हणायचं की चंक म्हणायचं की वेज, ते फळ आणि आकार बघून ठरवायचं. पाकिटावर आम्ही पूर्वी कुयरीसाठी ‘स्लाइस’ छापलं होतं. आत निघायच्या चेचायच्या जाड फोडी. शहरातल्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली ती बरोबरच होती.

फणसाचं तर नावातच कापणं आहे. कापा आणि बरका. ज्याचे गरे घट्ट, सुरीने कापले तरी आकार सोडत नाहीत तो कापा. ज्याचे गरे लिबलिबीत, बोटाने सोडवून गिळायचे तो बरका. ह्यांचं इंग्रजी फर्म आणि सॉफ्ट असं करता येतं. अर्थ पोहोचतो. पण आम्ही पाकिटावर ‘कापा’ हा शब्दही तसाच ठेवला आणि पुढे एका ओळीत समजावून सांगितलं. ‘हापूस’ला कुठे कुणी भाषांतर केलंय? तो शब्द मूळचा आपला नाहीच, पोर्तुगीज नावावरून आलेला. पण २०१८ साली ह्या आंब्याला भौगोलिक निर्देशनही मिळालं. नाव टिकवलं तर टिकतं.

काही शब्द धारेचे असूनही धार लपवतात, तेही वहीत आले. देवापुढे आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, वाढवली. बाळाचं जावळ कापत नाहीत, काढतात. ह्यांचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं तर नारळ ‘इन्क्रीज’ होईल! इथे वाचणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, हाताने काय केलं आणि तोंडाने तसं का म्हटलं नाही.

आणि एक शब्द आमच्या शिवण शिकलेल्या दोघींनी आणला, बेतणे. आज सगळ्या जणी ‘ब्लाउजचं कटिंग’ म्हणतात. जुन्या बायका म्हणायच्या, ब्लाउज बेतला. बेतण्यात कात्री लावण्याआधीचा विचार येतो. कापड किती, अंग केवढं, काठ कुठे येईल, उरलेल्यात पिशवी होईल का. कात्री चालते ती सगळ्यांत शेवटी. कटिंग म्हटलं की फक्त ते शेवटचं उरतं.

एवढं झाल्यावर आमचा समज असा झाला, की इंग्रजी भाषा गरीब आणि आपली श्रीमंत. तो समज मोडला काकूंच्या भाचीने. ती नवऱ्याच्या नोकरीमुळे डेन्मार्कात राहते आणि तिथे एका स्वयंपाकघरात काम करते. फोनवर आमचा उद्योग ऐकून ती खूप हसली. म्हणाली, ‘‘मावशी, मी रोज हेच करते.’’ तिला सूचना मिळतात डॅनिश भाषेत. ती मनात त्यांचं इंग्रजी करते, मग मराठी. सुरुवातीला तिची फजिती व्हायची, कारण शिकवणारी बाई सगळ्यालाच इंग्रजीत ‘कट’ म्हणायची. मूळ डॅनिशमध्ये मात्र शब्द वेगवेगळे. सुरीने कापणं ते स्केरे. कात्रीने कापणं ते क्लिपे, मग ते केस असोत, नखं असोत की कागद. कुऱ्हाडीने घाव घालणं ते हुगे. बारीक बारीक चिरणं ते हाके, आणि ‘हाक’ म्हणजे खाच. कोबी पातळ चिरायचा असेल किंवा लाकूड तासायचं असेल तर स्निते. उच्चार आपल्या जिभेला नीट वळत नाहीत, पण विचार ओळखीचा वाटतो की नाही? कापणं आणि कातरणं आपल्याकडे वेगळं आहे, तसंच त्यांच्याकडे. ती म्हणाली, ‘‘मी कट हा शब्द सोडला, आणि डॅनिशवरून सरळ मराठी करायला लागले. चुका थांबल्या.’’

तिनेच पुढे सांगितलं, की इंग्रजीतही शब्द कमी नाहीत. चॉप आहे, स्लाइस आहे, स्लिट आहे, नॉच आहे, क्लिप आहे, श्रेड आहे, प्रून आहे, कार्व्ह आहे. ह्यांतला क्लिप तर डेन्मार्ककडच्या जुन्या नॉर्स भाषेतूनच इंग्रजीत गेलाय. आणि ‘स्कोअर’ सुद्धा! नॉर्समध्ये त्या शब्दाचा अर्थ होता खाच. काठीवर खाचा पाडून मोजदाद ठेवायची, त्यावरून मोजणी म्हणजे स्कोअर. क्रिकेटच्या सुरुवातीच्या काळात धावाही काठीवर खाचा पाडून मोजत. डॅनिशमध्ये अशा हिशेबाच्या काठीला आजही ‘कार्वेस्टोक’ म्हणतात, म्हणजे खाचांची काठी. आमच्या घरातली मुलं दिवसभर ‘स्कोअर काय झाला’ विचारतात, तेव्हा ती खाचाच मोजत असतात म्हणायची.

तेव्हा दोष इंग्रजीचा नव्हता. कचेरीत, बाजारात आणि हजेरीवहीत जी इंग्रजी चालते ती पहिल्या शब्दावरच थांबते, आणि आपणही तिच्यामागे थांबतो. चिरेला स्लिट हा चोख शब्द होता. खाचेला नॉच होता. पाचरेला वेज होता. कलमाला ग्राफ्ट होता. आम्हीच शोधले नव्हते.

मग आम्ही जुन्या कोशांकडे गेलो. शहरातल्या वाचनालयात बसून दोघींनी पानं उलटली. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली छापला गेला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या कामात जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ त्यांच्यासोबत होते. उलट बाजूचा, इंग्रजीतून मराठीत नेणारा मोल्सवर्थ आणि कँडी यांचा कोश १८४७चा. त्यात कट ह्या शब्दासमोर एक मराठी शब्द देऊन ते मोकळे झालेले नाहीत, अनेक क्रियापदं दिली आहेत. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ ह्या वर्षांत सात विभागांत निघाला. त्यात शब्दापुढे कंसात ‘कों.’ असेल तर तो कोकणातला, ‘राजा.’ असेल तर राजापूरकडचा. राजापूर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. आपल्या आजीपणजींच्या तोंडचे शब्द कुणीतरी नव्वद वर्षांपूर्वी गावाच्या खुणेसकट लिहून ठेवलेत, हे बघून आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या वहीला तेव्हापासून आम्ही लाजत नाही.

आमच्या परिसरात कापण्याकोरण्याच्या शब्दाचा आणखी एक मोठा खटला आहे, तोही सांगतो. आपल्या सड्यांवर जांभ्या दगडात फार जुनी चित्रं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. कोकणातल्या नऊ जागा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यांतल्या ह्या सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या. आपण त्यांना कातळशिल्पं म्हणतो. कुणी खोदचित्रं म्हणतं. इंग्रजीत कुठे पेट्रोग्लिफ लिहितात, कुठे जिओग्लिफ, कुठे रॉक कार्व्हिंग. एका शाळेच्या सहलीबरोबर आम्ही उक्षीचा हत्ती बघायला गेलो होतो. एका पोराने विचारलं, ‘‘हा कोरलाय की खोदलाय?’’ चांगला प्रश्न. कोरणं म्हटलं की नाजूक हत्यार आणि नक्षी डोळ्यांपुढे येते. खोदणं म्हटलं की खोली. हत्तीच्या बाह्यरेषेसाठी सड्यावर चर पाडलाय. आम्ही त्याला म्हटलं, ‘‘रेघ खोदलीय आणि हत्ती कोरलाय.’’ शास्त्राच्या दृष्टीने हे कितपत टिकेल ते विद्वानांनी ठरवावं. पण पोराचं समाधान झालं.

आता पुन्हा कलमाकडे येतो. हा शब्द आमच्या वहीत सर्वांत जास्त जागा खाऊन बसलाय. कलम म्हणजे झाडाचं कलम. कलम म्हणजे लेखणी. कलम म्हणजे कायद्यातलं कलम. शब्द फारसीतून आपल्याकडे आला, फारसीत अरबीतून. मूळ अर्थ बोरू, लिहिण्याची काडी. बोरू कसा करतात? काडी घ्यायची, टोक दोन्ही बाजूंनी तासायचं, आणि मधोमध चीर द्यायची. आमच्या हातातली हापूसची काडी आणि लिहिण्याचा बोरू एकमेकांशेजारी ठेवले तर तासलेलं टोक दोन्हींना, चीर दोन्ही कामांत. फरक एवढाच, की बोरूची चीर त्याच्याच टोकाला असते आणि आमची चीर खुंटात. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे आम्ही पण लिहितोच की गो.’’ आजींना सही करता येते, त्यापलीकडे अक्षर येत नाही. आम्ही सगळ्या जरा वेळ गप्प झालो.

मैत्रिणींनो, तुम्हालाही कधी आपल्या कामाचं इंग्रजी करावं लागेल. दरपत्रकावर, पाकिटावर, कर्जाच्या अर्जावर, मुलीच्या नोकरीच्या अर्जात आईचा व्यवसाय लिहिताना. आम्ही अनुभवातून तीन प्रश्न ठरवलेत, ते लिहून घ्या.

पहिला प्रश्न, कशाने? विळीने, कोयतीने, कात्रीने, अडकित्त्याने, नखाने की घाव घालून. हत्यार कळलं की अर्धा शब्द सापडतो.

दुसरा प्रश्न, काही निघून जातं का? निघालं तर खाच, खोबण, साल, कीस. नाही निघालं तर चीर. आमची वाफाभर कलमं ह्या एका प्रश्नाअभावी गेली. माडाचंही तसंच. माडावर चढायला खोडात खाचा पाडतात, त्या जखमांतून सोंड्या भुंगा आत शिरतो, म्हणून आता जाणकार खाचा पाडू नका म्हणतात. खाच हा शब्द हलका समजू नका.

तिसरा प्रश्न, कापण्याच्या पुढेमागे काय आहे? आधी बेत असतो, नंतर जोड असते. आपलं कौशल्य बहुतेक वेळा तिथेच असतं, आणि कागदावरून तेच आधी गळतं. तेवढा शब्द आवर्जून लिहा.

आणि तिन्ही प्रश्न विचारूनही इंग्रजी शब्द सापडला नाही तर आपला शब्द तसाच ठेवा, आणि पुढे साध्या वाक्यात काम समजावून सांगा. त्यात कमीपणा काहीच नाही.

शेवटी तुम्ही विचाराल, त्या हजेरीवहीचं काय झालं? आमच्या दोघी वही घेऊन रोपवाटिकेच्या मालकांकडे गेल्या होत्या. मालक म्हणाले, ‘‘शब्दाने काय होतंय?’’ त्यातली एक पटकन म्हणाली, ‘‘शब्दाने काही होत नसेल तर मग आम्हाला ग्राफ्टर लिहा, आणि ह्यांना मदत.’’ मालक हसले, पण विचारात पडले. यंदाच्या पावसाळ्यात एकीच्या नावापुढे ‘ग्राफ्टर’ लागलंय, रोजही त्याप्रमाणे मिळतो. दुसरीच्या नावापुढे अजून ‘मदत’च आहे. म्हणून आम्ही म्हटलं, गोष्ट संपलेली नाही. पुढच्या हंगामाआधी पुन्हा जाणार आहोत, ह्या वेळी अकराही जणी.

त्या परराज्यातल्या बागायतदारांनाही आम्ही नवं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं, आमची कलमं ग्राफ्ट आहेत, कोय कलम पद्धतीची, खुंट रायवळचा, काडी हापूसची. उत्तरात त्यांनी पंचवीस कलमं मागवलीत, आधी बघतो म्हणाले. बघू देत.

आमची वही अजून अर्धी कोरी आहे. तुमच्या गावात, तुमच्या घरात, तुमच्या सासूबाईंच्या तोंडी कापण्याचिरण्याचा एखादा वेगळा शब्द असेल तर आपल्या केंद्रावर चिठ्ठी पाठवा. खाली मालवणकडे विळीला आडाळो म्हणतात, तसा तुमच्याकडे काय म्हणतात तेही लिहा. शब्द पाठवताना त्याने नेमकं काय करतात ते मात्र जरूर सांगा. चीर आहे की खाच, तेवढं विसरू नका.

नमस्कार.